मदत हवी आहे: विनापरवाना बांधलेली खोली नियमित करून घ्यायची आहे

नमस्कार मंडळी. मागची खोली आणि बाहेरचा जिना मंजूर नकाशात नाहीत, हे घर घेतल्यावर कळलं. बांधलं आधीच्या मालकाने, निस्तरायचं मला! पुढे विकायला काढलं तर खरेदीदाराची बँक मंजूर नकाशा मागणारच, म्हणून आत्ताच नियमित करून घ्यायचंय.

आर्किटेक्ट जागेवर मोजमापं घेऊन सध्याच्या बांधकामाचा नकाशा करतोय. खोली चटई क्षेत्राच्या (प्लॉटवर एकूण किती बांधकाम करता येतं, त्याच्या) मर्यादेत बसते, पण जिना बाजूच्या मोकळ्या सोडायच्या जागेत साधारण दीड फूट घुसलाय. तेवढा भाग पाडून मग अर्ज करावा, की आधी त्या मोकळ्या जागेच्या नियमातून सवलत मागावी? शिवाय पाया झाकलेला असताना स्ट्रक्चरल इंजिनिअर बांधकाम मजबूत असल्याचा दाखला कसा देतो, खणून बघतो का?

‘राहू दे, कोण बघतंय’ हा सल्ला भरपूर मिळालाय, तो नको.