मायक्रोग्लियाला मराठीत काय म्हणावं? आणि 'दाह' की 'सूज'?

मेधा, ठाणे:
नवजात अतिदक्षता विभागातल्या पालकांसाठी मराठी माहितीपत्रक करायचं आहे. विषय: जन्मताना प्राणवायू कमी पडून बाळाच्या मेंदूला झालेली इजा. 'मेंदूतल्या सूक्ष्मश्लेषपेशी चवताळून सूज वाढवतात' असं वाक्य तयार केलंय. मायक्रोग्लियाला 'सूक्ष्मश्लेषपेशी' म्हटलंय. चालेल?

शिरीष, वाशी:
मेधाताई, 'श्लेष' नको. ग्रीकमध्ये 'ग्लिया' म्हणजे चिकटवायचा सरस, त्यावरून तो आला. पण या पेशी काही चिकटवत नाहीत. पिओ देल रिओ ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखल्या. त्या चेतापेशींच्या कुळातल्याही नव्हेत. गर्भाच्या पीतककोशात (सुरुवातीला गर्भाला जोडलेल्या पिशवीत) तयार होऊन त्या मेंदूत येतात आणि तिथेच वस्ती करतात. एकदा 'मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया' लिहा, पुढे नुसतं 'मायक्रोग्लिया'. डॉक्टरांच्या तोंडूनही पालक हाच शब्द ऐकतील.

नीलम, ऐरोली:
'सूज' इथे चुकीचं आहे. सोनोग्राफीनंतर डॉक्टर 'मेंदूला सूज आहे' म्हणतात ती पाणी साठल्याची. मायक्रोग्लिया रसायनं सोडतात तो दाह. दोन्ही एकाच बाळात असू शकतात, म्हणून तर शब्द वेगळे हवेत. फक्त 'दाह' म्हटलं की लोकांना जळजळ आठवते, तेव्हा पहिल्याच वापराला एका ओळीत अर्थ द्या.

शिरीष, वाशी:
'चवताळून'सुद्धा काढा. इजा एका दमात होत नाही. आधी पेशींची ऊर्जा संपते. रक्तपुरवठा सुरळीत झाला की साधारण सहा तासांची उसंत मिळते, आणि मग ६ ते ७२ तासांत दुसरी पडझड. या काळात मायक्रोग्लिया आपल्या बारीक फांद्या आखडून गोलसर होतात, टीएनएफ-अल्फा आणि आयएल-१ बीटा ही दाह वाढवणारी रसायनं सोडतात, त्याने धडधाकट चेतापेशीही दगावतात. पण मेलेल्या पेशी उचलणं, वाढीची द्रव्यं पुरवणं हेही त्याच करतात. उंदरांच्या नवजात पिल्लांमध्ये मेंदूचा रक्तपुरवठा तोडण्याआधी मायक्रोग्लिया नष्ट केल्या, तर इजा कमी व्हायच्या ऐवजी वाढली. त्यांना शत्रू ठरवणारं क्रियापद खोटं पडतं. 'सक्रिय होतात' पुरे.

मेधा, ठाणे:
पटलं. उपचाराच्या भागात 'बाळाला गार करतात, यामुळे इजा थांबते' असं लिहिलंय.

नीलम, ऐरोली:
ताई, तो शब्द अजिबात नको! 'बाळ गार पडलं' याचा आपल्याकडे काय अर्थ होतो ते आजीला विचारा. 'बाळाचं तापमान मुद्दाम कमी ठेवतात' असं लिहा. आकडेही द्या: जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरुवात (वरची उसंत हीच), गुदमार्गातलं तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सिअस, ७२ तास. नंतर ताशी जास्तीत जास्त अर्धा अंश वाढवतात, म्हणजे पूर्ववत व्हायला सहा-सात तास तरी लागतात. घाईने ऊब दिली तर झटके येऊ शकतात. ३३ च्या खाली गेलं तर ठोके फार मंदावतात, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आणखी एक. घरचे सांगतात 'बाळ काचेत ठेवलंय', आणि काच म्हणजे ऊब हे डोक्यात पक्कं. मग बाळाच्या अंगाला हात लावला की घाबरून टोपी-मोजे चढवतात, दुपटं घालतात, आणि तापमान वर जातं. 'हात थंड लागले तरी नर्सला विचारल्याशिवाय पांघरूण घालू नका' हे ठळक अक्षरांत हवं.

शिरीष, वाशी:
'यामुळे इजा थांबते' हेही खोडा. भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या ४०८ बाळांवरची हेलिक्स चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात तापमान उतरवल्याने मृत्यू किंवा अपंगत्व कमी झालं नाही, उलट मृत्यू वाढले. श्रीमंत देशांतल्या चाचण्यांत फायदा दिसला होता. कोणत्या बाळाला हा उपचार द्यायचा ते डॉक्टर तपासून ठरवतात, एवढंच लिहा. आणि वर 'पूर्ण दिवसांच्या बाळांसाठी' असा उल्लेख करा. खूप आधी जन्मलेल्या बाळांत मुख्यतः मेंदूच्या पांढऱ्या भागाला इजा होते. त्यांचं पत्रक वेगळं लागेल.