पेत्र जेवणावरून उठला यात एवढं काय चुकलं?

शुभा_नगर
रविवारी आमच्या बायबल स्टडीत गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय होता. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र आधी परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवायचा (यहूदी सहसा त्यांच्या पंक्तीला बसत नसत), मग यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडून माणसं आली तसा हळूच बाजूला झाला, त्याच्या मागोमाग बाकीचे यहूदी आणि बर्णबासुद्धा, आणि मग पौलाने सगळ्यांसमोर त्याला झापलं. मला राहून राहून वाटतंय की पेत्राने शिकवण कुठे बदलली होती, आलेल्या माणसांचं मन राखलं इतकंच. सासरची मंडळी आली की आपण पण जरा वेगळं वागतोच ना?

जुना_वाचक
ताई, जेवणाला 'इतकंच' म्हणू नका. माझे आजोबा सांगायचे, गावच्या लग्नात त्यांची पंगत गोठ्याच्या बाजूला असायची आणि वाढणारा वाकायचा नाही, वरूनच भाकरी सोडायचा. तोंडाने कोणी वाईट बोलत नव्हतं बरं का. त्या काळी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर-प्याला घेणं, पण जेवणातच व्हायचं, म्हणजे ताटं वेगळी झाली की मंडळीच दोन झाल्या. आणि परराष्ट्रीयाला न बोलता कळलंच की सुंता करून घे, म्हणजे यहूदी हो, मगच आमच्या शेजारी बस. आणि हे कोणी केलं तर पेत्राने, जो कर्नेल्य या परराष्ट्रीय रोमी अधिकाऱ्याच्या घरी स्वतः जाऊन आला होता!

प्रश्नच_प्रश्न
पण मग पौलाचं काय? त्याने आपल्या सोबत्याची, तीमथ्याची, सुंता केलीच की, प्रेषितांची कृत्ये 16 बघा. स्वतः केलं की चालतं वाटतं.

जुना_वाचक
तीमथ्याची आई यहूदी होती हो. तीत हा दुसरा सोबती हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, त्याची नाही करू दिली. यहूद्याने यहूदी राहायला पौलाची हरकत नव्हतीच, दुसऱ्यावर ते लादायला होती. यरुशलेममधल्या प्रेषितांच्या सभेने पण सुंतेचा आग्रह सोडला आणि परराष्ट्रीयांना चारच गोष्टी टाळायला सांगितल्या, मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म. चारातल्या तीन ताटातल्याच! माझ्या मते एकत्र बसता यावं म्हणूनच ते, थोडं यांनी सोडायचं थोडं त्यांनी.

रायवळ
सगळे पेत्रालाच धरून बसलात, रोममध्ये उलटं झालं ते पण बघा. सुमारे 49 साली क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोमबाहेर काढलं, अक्विला आणि प्रिस्किल्ला हे यहूदी जोडपं त्यातच करिंथला आले. नंतर माणसं परत यायला लागली, रोमकरांस पत्राच्या 16व्या अध्यायात हे दोघं पुन्हा रोममध्येच आहेत. मधल्या काळात मंडळीत परराष्ट्रीयांचं चालायला लागलं असणार, म्हणून तर पौल 11व्या अध्यायात जैतुनाच्या झाडावरच्या कलमाचं उदाहरण देऊन त्यांना दम देतो की फुशारकी मारू नका, मुळाला तुम्ही धरलेलं नाही, मुळाने तुम्हाला धरलंय.

आता कलमाचं सांगतो, घरची बाग आहे म्हणून. आम्ही रायवळ कोयीच्या रोपावर हापूसची काडी बांधतो. खुंट रानटी, काडी चांगली, फळ काडीच्या जातीचं. पौलाने बरोब्बर उलटं लिहिलंय, चांगल्या जैतुनावर (इस्राएलावर) रानटी फांदी (परराष्ट्रीय)! आमच्या मंडळीत एकजण म्हणाले पौलाला शेतीतलं कळत नव्हतं. अहो, तो स्वतःच लिहितो की हे निसर्गाविरुद्ध आहे, 24वं वचन. अशी काडी कोणी शहाणा माळी बांधणार नाही, देवाने बांधली, हाच तर त्याचा मुद्दा. आणि तोडलेल्या मूळच्या फांद्या, म्हणजे विश्वास न ठेवलेले यहूदी, परत लावणं त्याला त्याहून सोपं, हे पण तिथेच आहे. ते वाचायचं मात्र लोक विसरतात.

शुभा_नगर
गोठ्याजवळची पंगत वाचून गप्पच झाले. सासरचं उदाहरण मागे घेते. पुढच्या रविवारी स्टडीनंतर प्रीतिभोजन आहे, आमच्याकडे जुनी घराणी एका टेबलाला आणि नवीन आलेली दाराजवळ असंच बसतात, इतकी वर्षं मी पण जुन्यांतच बसतेय आणि कधी लक्षातच आलं नाही. या वेळी माझं ताट घेऊन दाराकडे जाते, बघू कोण काय म्हणतंय.