तीन वर्षांच्या मुलीसाठी शाळा: पद्धत बघायची की बाई?

मूळ प्रश्न

माझी मुलगी पुढच्या महिन्यात तीन वर्षांची होईल. घराजवळ तीन शाळा आहेत: एक मोंटेसरी, एक वाल्डॉर्फ वळणाची आणि तिसरी साधी नर्सरी, म्हणजे खेळ, गाणी, थोडी अक्षरओळख. तिन्ही बघून आले आणि गोंधळ आणखीच वाढला. मोंटेसरीत मुलं छोट्या चटयांवर एकेकटी काम करत होती, इतकी शांतता की मला धास्तीच वाटली. वाल्डॉर्फमध्ये बाहुल्यांना नाक-डोळे जवळजवळ नव्हतेच, आणि सातव्या वर्षापर्यंत वाचन शिकवत नाही असं सांगितलं. नर्सरीत मुलं खुशीत होती, पण एका बाईंकडे बावीस मुलं. माझं म्हणणं, आधी पद्धत ठरवावी. नवरा म्हणतो, वर्गातली बाई बघ, बाकी सगळं पाटीवरचं नाव. तुमचा अनुभव काय?

मोंटेसरी शिक्षिका, चौदा वर्षं

त्या शांततेला घाबरू नका. मारिया मोंटेसरींनी १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं होतं: मूल हातातल्या कामात रमलं की कुणी न दटावता शांत होतं.

आमच्याकडे दट्ट्यांची पेटी असते. लाकडी ठोकळ्यात दहा खाचा आणि त्यात बसणारे दहा दट्टे. बारीक दट्टा मोठ्या खाचेत टाकला की शेवटी एक जाडा दट्टा हातात उरतो, कुठेच बसत नाही. परवा साडेतीन वर्षांचा एक मुलगा असाच दट्टा घेऊन बराच वेळ बसला होता. मी शेजारीच होते, पण हात मांडीवर ठेवले आणि तोंड बंद. शेवटी त्याने सगळे दट्टे काढले आणि पहिल्यापासून लावले. त्याची चूक पेटीने दाखवली, मी नाही. हे निव्वळ बाईच्या चांगुलपणाने होत नाही, साधन तसं घडवलेलं असावं लागतं. म्हणून मी पद्धत आधी म्हणेन.

अमेरिकेत हार्टफर्ड इथे चिठ्ठ्या काढून प्रवेश दिलेल्या मुलांवरचा अभ्यास २०१७ मध्ये आला. १४१ मुलं होती. वयाच्या तिसऱ्या वर्षी सगळी सारखीच होती, पण पुढच्या तीन वर्षांत मोंटेसरीतली मुलं चिठ्ठीत नाव न निघालेल्या मुलांपेक्षा अभ्यासात पुढे गेली.

दोन मुलांचा बाबा

ताई, तुमच्या वर्गाबद्दल शंका नाही. पण ‘मोंटेसरी’ हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, कुणीही पाटीवर लिहू शकतं. आम्ही थोरल्याला अशाच शाळेत घातलं. साधनं होती, काचेच्या कपाटात, कुलूप लावून. पालक बघायला आले की कपाट उघडायचं. एरवी चार रेघी वहीत पानभर ‘अ’. साडेतीन वर्षांचं पोर रात्री बोटं दुखतात म्हणून रडायचं, आणि आम्ही त्यालाच समजावत राहिलो, याचं मला अजून वाईट वाटतं.

धाकटीला साध्या बालवाडीत घातलं. तिथल्या बाई पहिल्या आठवड्यात तिच्याशी फार बोलल्याच नाहीत, नुसत्या तिच्या जवळपास बसून कागद फाडत, चिकटवत राहिल्या. चौथ्या दिवशी ही आपणहून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. आता सांगा, ही कुठली पद्धत?

मोंटेसरी शिक्षिका, चौदा वर्षं

दादा, तुमच्या मुलाला ती पद्धत मिळालीच नाही, मग ती फसली कशी म्हणता? २०१२ च्या एका अभ्यासात नेमकं हेच तपासलं होतं. जिथे फक्त मोंटेसरी साधनं होती तिथल्या मुलांची वर्षभरातली प्रगती, भेसळ केलेल्या वर्गांपेक्षा जास्त दिसली. कपाटाला कुलूप दिसलं की तिथूनच परत फिरावं.

पहिलीची शिक्षिका

मला दोघांचंही पटत नाही. माझ्याकडे दरवर्षी अशी मुलं येतात ज्यांना ‘कमळ’ कोणत्या आवाजाने सुरू होतं हे सांगता येत नाही. बाकीची मुलं भराभर पुढे जातात आणि ही मुलं खाली मान घालून बसतात. दोनच महिन्यांत ‘मला येत नाही’ हे त्यांच्या तोंडी बसतं. सातव्या वर्षापर्यंत थांबा म्हणणं, ज्या घरात रोज कुणी वाचून दाखवतं तिथे परवडतं. वही नको, मान्य. पण आवाजांचे खेळ, यमकं, रोजची गोष्ट, हे तिसऱ्या वर्षापासून हवंच.

वाल्डॉर्फमध्ये शिकलेल्या मुलाची आई

बाई, यमकं आणि गोष्टी तर आमच्याकडे रोज होत्या! तीच गोष्ट आठवडाभर, त्याच शब्दांत. शुक्रवारपर्यंत मुलं ती स्वतः म्हणायची. न्यूझीलंडमध्ये पाचव्या आणि सातव्या वर्षी वाचन सुरू केलेल्या मुलांची तुलना झाली, तेव्हा दहा-अकरा वर्षांपर्यंत फरक उरला नव्हता. आणि वाल्डॉर्फ पद्धत सुरू करणाऱ्या रुडॉल्फ स्टाइनरांची पहिली शाळा १९१९ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी निघाली होती, तेव्हा ही फक्त वाचत्या घरांची चैन नव्हे.

पहिलीची शिक्षिका

अकराव्या वर्षी फरक मिटतो हे मानते. पण सहाव्या वर्षी ते मूल दुसऱ्या शाळेत गेलं तर? मधली वर्षं ते माझ्याच वर्गात काढतं. पुढे कोणती शाळा आहे, ते बघूनच वाल्डॉर्फ निवडा.

बालशिक्षणात काम करणारा

एक गोष्ट राहून जातेय. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या पूर्वप्राथमिक वर्गांचा २,९९० मुलांवरचा अभ्यास आहे. सुरुवातीला तिथली मुलं पुढे होती, पण सहावीपर्यंत प्रवेश न मिळालेल्या मुलांपेक्षा मागे पडली. त्याआधी १९६२ मध्ये मिशिगनमध्ये सुरू झालेल्या पेरी प्रीस्कूलमधल्या मुलांना मात्र चाळिशीपर्यंत फायदा दिसला. तिथे एका शिक्षकामागे पाच-सहा मुलं होती, शिक्षक दर आठवड्याला घरी जायचे, आणि मूल आधी बेत सांगायचं, मग करायचं, मग काय झालं ते सांगायचं. म्हणजे पद्धतही होती, बाईही होत्या आणि मुलं मोजकी होती. बावीस मुलांत ती मायाळू बाई तुमच्या लेकीपर्यंत पोचणार कधी? पुन्हा जा, तासभर बसा. एखादं मूल रडलं किंवा काही सांडलं की काय होतं तेवढं बघा.

मूळ प्रश्न विचारणारी

काल मोंटेसरीत तासभर बसले. एका मुलीच्या हातून पाण्याचा छोटा जग उलटला. तिने चटकन बाईंकडे पाहिलं. बाई उठल्या नाहीत, फक्त खाली टांगलेल्या स्पंजकडे नजर टाकली. मुलीने पाणी टिपलं, पिळलं, पुन्हा टिपलं, फरशी कोरडी होईपर्यंत. मग तोच जग पुन्हा भरून आणला. माझी लेक घरी काही सांडलं की आधी माझा चेहरा बघते, हे मला तिथे बसल्या बसल्या जाणवलं.

नवऱ्याला अजून नर्सरीच्या बाईच आवडतात. त्यांनी दारातूनच बावीस मुलांत कोण आलं नाही ते ओळखलं होतं. सोमवारी तो दोन्हीकडे एकेक तास बसून येणार आहे. अर्ज त्यानंतर भरू.