कर वाचवणं ही अक्कल, तर आम्ही पगारदार काय बिनडोक?

फळा-खडू: काल इथं एकानं लिहिलं, "श्रीमंतांच्या नावानं बोटं मोडणं बंद करा. कायदा किचकट आहे. ज्याला कळतो तो कर वाचवतो, ज्याला कळत नाही तो रडतो." त्यावर लाइकच्या अंगठ्यांचा पाऊस. सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

जळगाव जिल्ह्यात एकतीस वर्षं मास्तरकी केली. कर कापूनच पगार हातात यायचा, त्यामुळे वाचवायला हात कुठं होता? सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता मिळाला तेव्हा मागच्या वर्षांचा पैसा एकाच वर्षात दिसला आणि कर फुगला. त्यासाठी तेव्हा कलम ८९ ची सवलत होती. क्लार्कनं हिशोब करून फॉर्म १६ मध्ये ती दाखवलीही. रिटर्न भरलं, विसरलो. काही महिन्यांनी मेल आला: सवलत नामंजूर, व्याजासह भरा. कारण काय, तर १०ई नावाचा एक फॉर्म पोर्टलवर आधी वेगळा भरायचा होता. सवलत हक्काची, आकडा बरोबर, पण फॉर्म नाही म्हणून गेली.

आता आमच्या गल्लीतला एक पेढीवाला बघा. एक पॅन स्वतःचं, दुसरं एचयूएफचं, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाचं, जे कायद्याला वेगळा करदाता दिसतं. बायको-मुलगा भागीदार. गाडी पेढीची, डिझेल पेढीचं, वर गाडीचा घसारा, सगळं खर्चात. ज्या किचकटपणात मी अडकून पडलो, त्याच्याच आडोशाला हा निवांत बसलाय. वारसांवरचा कर १९८५ ला गेला, संपत्ती कर २०१५ ला. शेअर वर्षभर ठेवून विकले तर नफ्यावर साडेबारा टक्के, आणि घाम गाळून कमावणाऱ्याला वरचा स्लॅब ३० टक्के. याला अक्कल म्हणायची का?

खतावणी: कालचा तो मीच. बावीस वर्षं लोकांची रिटर्नं भरतोय, तेव्हा थोडं ऐका गुरुजी.

एचयूएफला १२ लाखांपर्यंत शून्य कर नाही. ती सूट फक्त व्यक्तीला. बायकोला नुसतं कागदावर पगारी दाखवलं तर तो पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. संपत्ती कराचं म्हणाल तर अख्ख्या देशातून २०१३-१४ ला १००८ कोटी आले होते. त्याच्या जागी एक कोटीवाल्यांना दोन टक्के जास्तीचा अधिभार लावला. १९७३-७४ ला वरचा दर ९७.७५ टक्के होता. तेव्हा श्रीमंत रांगा लावून भरत होते का? दोन-दोन चोपड्या तेव्हाच निघाल्या.

आणि कायदा किचकट केला कुणी? घरभाडं, प्रवासभत्ता हे पगारदारांचेच लाड. जानेवारीत माझ्याकडे भाड्याच्या पावत्यांचा गठ्ठा कोण आणतं? सख्ख्या आईला भाडं देतो म्हणे. वर रेव्हेन्यू स्टँप, आणि आईची सही मुलाच्याच अक्षरात.

खरी गळती बघायची तर बिनकराच्या शेती उत्पन्नाकडे बघा. तिकडे बोलायची मात्र कुणाची छाती नाही.

कांदेबाग: आला! फिरून फिरून शेतकऱ्यावरच आला!

रावेर तालुक्यात केळी आहे माझी. या, दाखवतो उत्पन्न. खतावर ५ टक्के, फवारणीच्या औषधावर १८ टक्के जीएसटी भरतो. तुमचा दुकानदार भरलेला कर वजा करून घेतो, माझ्याकडे जीएसटी नंबरच नाही तर मी काय वजा करू? ठिबकवर १२ टक्के होता, तो सप्टेंबर २०२५ ला ५ झाला. तोवर माझ्या नळ्या पसरून झाल्या होत्या.

आणि भावाचं कोण बोलणार? बाजारात जाहीर होतो तो बोर्डभाव एक, बांधावर व्यापारी देतो तो दुसरा. यंदा थंडीत घड कापून ठेवले, ट्रक लागला, मग व्यापारी दोन बोटांनी फणी उलटीसुलटी करत म्हणतो, "चरका बसलाय (थंडीनं साल काळवंडलीय), एवढ्यात परवडत नाही." कापलेली केळी परत झाडाला लावू का? त्यानं म्हटला तोच भाव घेतला. वर बिल मागितलं तर हसला. त्या हसण्यावर किती टक्के लावता, खतावणीशेठ?

सुरपान: भो, मी काय सांगी ऱ्हायनू अन तुम्ही काय समजी ऱ्हायनात! कांदेबाग भाऊंच्या पोटावर पाय कुणीच देत नाही. विषय दुसऱ्याच "शेतकऱ्यांचा" आहे.

धुळ्याकडे माझ्या बांधाला लागून एका बड्या आसामीचं रान आहे. पीकपाहणीत केळी. प्रत्यक्षात बाभळी, आणि एक बोर, त्याला मोटारच नाही. शेळ्या मात्र खूश. आणि साहेबांचं केळीचं उत्पन्न माझ्या खऱ्या कपाशीच्या दहापट! सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगनं २०१९ च्या अहवालात हेच लिहिलंय, की शेतीचं उत्पन्न म्हणून दाखवलेले दावे पुरेशी कागदपत्रं नसताना खात्यानं मान्य केले. याला करबचत म्हणायचं का करचोरी, ते खतावणी भाऊंनी सांगावं.

खतावणी: चोरी. यात वादच नाही. मी वाचवण्याचं बोलत होतो, चोरण्याचं नाही.

फळा-खडू: वा! दोन्हींतली रेघ कोण आखतं? सुप्रीम कोर्टानं १९८५ मध्ये मॅकडॉवेलच्या खटल्यात म्हटलं, नियोजन चालेल, बनावट खटाटोप चालणार नाही. २००३ मध्ये मॉरिशसमार्गे येणाऱ्या गुंतवणुकीच्या प्रकरणात कोर्टानंच सूर बदलला, तसा कर वाचवणं चालवून घेतलं. मग गार, म्हणजे कर टाळण्याच्या बनावट खटाटोपांना आळा घालणारे नियम, आणलं, ते लागू व्हायला २०१७ उजाडलं. तेही तीन कोटींच्या वर कर वाचत असेल तरच. माझ्या १०ई ला मात्र पहिल्याच वर्षी पकडलं!

आणि आईच्या सहीबद्दल. माझी आई २००९ ला गेली. मी कधी एक खोटी पावती लावली नाही. तुमच्या गिऱ्हाइकांची लाज आमच्या अंगावर टाकू नका.

खतावणी: तुम्हाला उद्देशून नव्हतं. लागलं असेल तर मागे घेतो.

फळा-खडू: बरं, मग मीपण घेतो. एचयूएफला १२ लाखांची सूट नाही, मान्य. पण पहिले ४ लाख वेगळे मोकळे मिळतात ना?

खतावणी: मिळतात. तुम्हीपण काढा की एचयूएफ, तुम्हाला कुणी अडवलंय?

फळा-खडू: काढून त्यात टाकू काय? पेन्शन? ती टाकता येते का?

खतावणी: ...नाही येत.

फळा-खडू: धन्यवाद. एवढंच म्हणायचं होतं सकाळपासून.

यावलकर: पण नव्या आयकर कायद्यानं सोपं झालं म्हणतात ना? ८१९ कलमांची ५३६ केली. १ एप्रिल २०२६ पासून "आकारणी वर्ष" जाऊन "कर वर्ष" आलं.

खतावणी: शब्द निम्मे झाले, हे खरं. सवलती आहेत तिथंच आहेत. पाठ केलेले कलमांचे नंबर मात्र सगळे बदलले, आता या वयात परत घोकतोय. शेतीचंही एक सांगतो, पुन्हा अंगावर येऊ नका. के. एन. राज समितीनं १९७२ लाच मोठ्या जमीनधारकांवर कर सुचवला होता. घटनेनं तो अधिकार राज्यांना दिलाय, आणि कुठला मुख्यमंत्री हात घालेल? बाभळीत केळी पिकतात त्या तिथंच.

सुरपान: आते बोलना! बाकी तुम्ही सगळे आकडे काढतात, आमच्या शेळ्यांना विचारा.

कांदेबाग: बाभळीवाल्याला धरा, माझी ना नाही. पण बोर्डभावाचं काय? बिल न देणाऱ्या व्यापाऱ्याचं काय? तोही कर चुकवतोच ना?

यावलकर: दादा, त्याचा वेगळा धागा काढा.

कांदेबाग: काढला होता दिवाळीत. दोन प्रतिसाद आले. त्यातला एक माझाच.