जुनी छोटी मोटरसायकल घरी आल्यावर आधी काय उघडलंत?

आरएक्स १००, राजदूत, सीडी १०० पुन्हा घरोघर येताहेत. रंग आणि क्रोमवर पैसा आधी जातो. इंजिन, ब्रेक, टायर मागे राहतात, हे बघून जीव तुटतो. तुमचे अनुभव सविस्तर लिहा. सुरुवात मी करतो.

माझी आरएक्स १००, १९९३ची. ताब्यात घेताना पहिला प्रश्न विचारला: ऑइल पंप (टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणाचं तेल पोचवणारा) चालू आहे की बंद केलाय? मधल्या मालकांनी पंप काढून टाकलेल्या गाड्या खूप आहेत. त्यांत टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल, पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. नुसतं पेट्रोल भरून पळवली की पिस्टन धरलाच, म्हणजे तेलाविना आत अडकून बसलाच. माझा पंप जागेवर होता, पण नळीत हवा दिसत होती. पंपाचा ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा) सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू दिलं. तरी खात्री पटेपर्यंत पेट्रोलच्या टाकीतही थोडं टू-टी घालत होतो. ऑइलच्या टाकीवर पेनाने खूण करा. गाडी चालवल्यावर पातळी खाली आली, तरच पंप ओढतोय.

देवगडहून
आमच्या खाऱ्या हवेत टाकी आतून गंजतेच. कार्बोरेटर साफ करून आणला तरी गाडी पुन्हा मिसिंग करायची, म्हणजे अडखळत चालायची. पेट्रोल कॉक (टाकीखालची तोटी) काढला तर जाळीवर तांबूस चिखल! टाकी उतरवली, आत मूठभर नट टाकून खळखळवली, गंज काढायचं रसायन घातलं, सोड्याच्या पाण्याने धुऊन उन्हात कोरडी केली. लगेच पेट्रोल-ऑइल फिरवून घ्या, नाहीतर गंज परत धरतो. पेट्रोलची रबरी नळीही नवी घाला. इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, चिरतं. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपू द्या.

सांगलीहून
राजदूत १७५, चुलत्यांची. दूधवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी वापरलेली दणकट गाडी, पण पॉइंटकडे (उघडझाप करून प्लगची ठिणगी पाडणारे संपर्क) लक्ष हवं. पॉइंट काळे पडले की किक मारून मारून पाय दुखतो. बारीक पॉलिश पेपरने घासले, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप लावला, प्लग बदलला. ठिणगी निळी आली.

पुण्याहून
आरएक्सवाल्यांसाठी: रेस सोडल्यावरही इंजिनाचा आवाज खाली येत नसेल तर कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) बदलत बसू नका. क्रँकचं (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचं) ऑइल सील गेलं असेल, आत हवा ओढली जाते. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल जळतं, पांढरा धूर येतो. दोन्ही सीलं एकदमच बदला.

नाशिकहून
आजोबांची सीडी १०० मी चालवते. फोर-स्ट्रोक, त्यामुळे इंजिन ऑइल वेळेवर बदलणं हेच निम्मं काम. टॅपेटची (व्हॉल्व्हजवळची) फट थंड इंजिनवरच लावायची, ०.०५ मिमी. गरम असताना लावायला निघालेल्या मिस्त्रींना, "काका, गार होऊ द्या, मी थांबते," म्हणाले.

नागपूरहून
टायरची नक्षी शाबूत दिसली म्हणून फसू नका. बाजूला चार आकडे असतात: २३०९ म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. माझ्या गाडीचे टायर कडेला भेगाळले होते. टायर-ट्यूब आणि ब्रेक शू बदलल्याशिवाय गाडी गल्लीबाहेर काढली नाही. ड्रम उघडलाच आहे तर ब्रेकच्या कॅमला (शू बाहेर ढकलणाऱ्या तुकड्याला) थोडं ग्रीस द्या, पण लायनरला, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या पट्टीला, ग्रीसचं बोटही लावू नका.