चार सामने आहेत म्हणून लगेच घेऊ नका

फॅन्टसी हॉकीत, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा आपला संघ बनवून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायच्या खेळात, ‘ज्या संघाचे या आठवड्यात चार सामने, त्याचेच खेळाडू उचला’ असा सल्ला देतात. तो मला अर्धाच पटतो. एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग) मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सामन्यांची झुंबड असते. त्या दिवशी आपली लाइनअप (त्या दिवशी उतरवायच्या खेळाडूंची यादी) आधीच भरलेली, त्यामुळे नवा गडी बाकावरच बसतो. त्यापेक्षा सोमवार, बुधवार, शुक्रवार किंवा रविवारी खेळणारा तीन सामन्यांचा खेळाडू जास्त कामाचा.

गोलीचं, म्हणजे गोलरक्षकाचं, गणित निराळं. लागोपाठ दोन रात्री सामने असले की हेलेबकसारखा खंदा गोलीसुद्धा सहसा एकाच रात्री उतरतो. तेव्हा त्याचे सामने मोजताना एक वजाच धरा.

वेव्हरवरून (कोणाच्याच संघात नसलेल्या खेळाडूंच्या यादीतून) कोणाला घ्यायचं तर मी आधी पहिलं पॉवर प्ले युनिट बघतो, म्हणजे समोरचा गडी शिक्षेमुळे बाहेर असताना उतरणारी संघाची मुख्य तुकडी. एडमंटनचा बूशार्ड बचावपटू असूनही गुणांची लयलूट करतो, कारण त्या तुकडीत तो मॅकडेव्हिड आणि ड्रायसायटल या स्टार आक्रमकांबरोबर असतो. हिट्स-ब्लॉक्स (अंगाने दिलेल्या धडका आणि अडवलेले फटके) मोजणारी फॅन्टसी लीग असेल तर मात्र ब्रेडी टकाचकसारखे धसमुसळे गडी सोन्याच्या भावाचे.

आणि हो, मॅकडेव्हिडचे दोनच सामने असले तरी त्याला बाकावर बसवू नका. असले प्रयोग तिसऱ्या फळीतल्या खेळाडूंवर करा.