एक्स-रे नॉर्मल म्हणजे मान पक्की?

फिजिओ, जुळे सोलापूर: "डाऊन सिंड्रोमच्या मुलाचा मानेचा एक्स-रे नॉर्मल असेल तरच शाळेनं पीटीला घ्यावं," ही कालची पोस्ट वाचून गप्प बसवत नाही. या मुलांत मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवर सैल असू शकतात, भीती त्याची. तीन वर्षांच्या आत हाडं इतकी कच्ची असतात की फिल्मवरून काही ठरतच नाही. पुढेही आजची नॉर्मल फिल्म उद्याची हमी देत नाही. म्हणूनच अमेरिकन बालरोग अकादमीनं 2011 मध्ये त्रास नसलेल्या मुलांचे सरसकट एक्स-रे नको म्हटलं. मूल बघा: वारंवार पडतंय, मान वाकडी धरतंय, सुटलेली सवय परत येऊन चड्डीत शू होतेय.

पालक, अक्कलकोट रोड: पोस्ट माझीच. न बोलणाऱ्या मुलाची मान दुखते हे कळणार कसं? 10 ते 20 टक्के मुलांत पहिल्या मणक्याची कमान आणि दुसऱ्याचा सुळका यांतलं अंतर वाढलेलं असतं. 5 मिमीच्या वर गेलं तर फिल्मवर दिसतं. मग विरोध कशाला?

फिजिओ: मज्जारज्जू दबल्याची लक्षणं एक-दोन टक्क्यांतच येतात. बाकीच्यांना मैदानाबाहेर बसवणार?

क्रीडाशिक्षक, होटगी रोड: बाहेर कशाला? कोलांटउडी, शीर्षासन, पाण्यात सूर बंद. धावणं, चेंडू, लेझीम चालू. गड्ड्याच्या जत्रेतल्या जंपिंगवर (ट्रॅम्पोलिनवर) मात्र सहा वर्षांखालचं मूल सोडूच नका.

भूलतज्ज्ञ, सात रस्ता: जंपिंगवर भांडताय, भुलेबद्दल कुणी बोलत नाही! भुलेत स्नायू ढिले पडतात, मानेचा आधारच जातो. श्वासाची नळी घालताना डोकं मागे टाकायचं नाही. दुसऱ्यानं दोन्ही हातांनी ते सरळ धरायचं. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (घशाचा आतला भाग पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर तोच घ्यावा. कानाच्या ऑपरेशनला मान वळवण्याऐवजी टेबल तिरकं करा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल लावा. दात काढायला भूल देणार असतील तरी आधी सांगा.

पालक: म्हणजे एक्स-रे लागतोच की!

भूलतज्ज्ञ: नाही. नॉर्मल असला तरी मान अशीच धरायची.

फिजिओ: आणि लक्षणं असतील तेव्हा आधी मान सरळ ठेवूनच बाजूनं फिल्म. त्यात गडबड दिसली की मान वाकवून दुसरी काढायची नाही, थेट न्यूरोसर्जन. "वाकव रे बाळा" म्हणत डोकं दाबणारे तंत्रज्ञ आहेत, राग त्याचा येतो.

पालक: बरं, शाळेची अट मागे घेतो. पण तपासणीत नुसतं वजन-उंची लिहून परत पाठवतात, हे चालणार नाही. गुडघ्याखाली टोकल्यावर येणारा झटका, पाऊल वर ढकलल्यावर होणारी थरथर, ही मज्जारज्जू दबल्याची चिन्हं दर वेळी बघायलाच हवीत.

फिजिओ: हे शंभर टक्के मान्य. घरी चप्पल काढून दहा पावलं चालतानाचा व्हिडिओ घ्या आणि सहा महिन्यांनी नव्याशेजारी लावून बघा.